हॉस्पिटलमधला चॅप्लेन आणि मरणाऱ्या माणसाची सोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची मिरजेची. अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात चॅप्लेन म्हणून काम करते, बहुतेक आयसीयू आणि पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात वेदना नि त्रास कमी करणाऱ्या विभागात. मंडळाच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, भारतात गेले की आत्याकडे, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात. काहींना हे करिअर करायचं असतं, काहींचे आईवडील इथे येऊन आजारी पडलेले असतात. दोघांची उत्तरं इथे एकत्र आहेत. नियम मुख्यतः अमेरिकेतले आहेत, कारण मी काम इथे करते. रुग्णांचे जे किस्से आले आहेत त्यांत ओळख पटेल असा तपशील ठेवलेला नाही.

चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटलचा भटजी का?

नाही. भटजी, फादर, इमाम, भंते हे आपापल्या समाजाचे असतात आणि विधी करायला बाहेरून येतात. चॅप्लेन हा हॉस्पिटलचा पगारी, प्रशिक्षित कर्मचारी. खाटेवर कोण आहे, कुठल्या धर्माचा आहे, देव मानतो की नाही, हे बघून तो खोलीत जायचं ठरवत नाही. विधी हवा असेल तर योग्य माणसाला फोन करून बोलावणं हे त्याचं काम. स्वतः सगळं करत बसणं नव्हे.

मिरजेकडच्या लोकांना ही कल्पना अगदीच परकी नाही. आमच्याकडचं वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ चं, मिशनचं. मराठी ख्रिस्ती मंडळी ज्याला पाळकीय सेवा म्हणतात, ती मिशन दवाखान्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. फरक इतकाच की मी करते ते काम कुठल्या एका चर्चचं किंवा देवळाचं नाही.

दिवसभर नेमकं करता काय?

सकाळी आल्यावर रात्रपाळीच्या चॅप्लेनकडून खबर घ्यायची: रात्री कोण गेलं, कोणाचे नातेवाईक अजून बसून आहेत, कोणाचा व्हेंटिलेटर आज काढायचं ठरलंय. मग आयसीयूच्या राउंडला डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, सोशल वर्कर यांच्याबरोबर उभं राहायचं. दुपारी एखादी कौटुंबिक बैठक. मधेच पेजर वाजतो. ‘कोड ब्लू’ असेल तर आत हृदय चालू करायची धडपड सुरू असताना मी बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या माणसाच्या बायकोजवळ उभी असते. तिला पाणी देते, आत काय चाललंय ते सोप्या शब्दांत सांगते, कोणाला फोन लावायचाय का विचारते.

खोलीत शिरताना हाताला सॅनिटायझर लावायचं, स्वतःचं नाव सांगायचं, ‘बसू का?’ विचारायचं आणि खुर्ची ओढून खरोखर बसायचं. उभं राहून बोलणाऱ्याला रुग्ण मनातलं सांगत नाही. त्याला वाटतं, याला घाई आहे. बसल्यावर नजर फिरते. उशाशी गजानन महाराजांचा फोटो आहे, की नातवाने काढलेलं चित्र, की काहीच नाही? फोन उलटा ठेवलाय का? जेवणाचा ट्रे न उघडताच पडलाय का? निम्मी माहिती तिथेच मिळते.

भेटीनंतर कॉम्प्युटरवर रुग्णाच्या फाइलमध्ये नोंद करावी लागते. उपचार करणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढंच लिहायचं. विश्वासाने सांगितलेलं खासगी बोलणं तिथे जात नाही.

पण मरणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं उत्तर लोकांना फसवं वाटतं: बोलायचं कमी. या कामाचं नव्वद टक्के प्रशिक्षण आपल्या तोंडाला आवर घालण्याचं आहे. धीर देणारी वाक्यं आपल्याला पाठ असतात. ‘देवावर विश्वास ठेवा’, ‘सगळं ठीक होईल’, ‘असं अभद्र बोलू नये’. ही वाक्यं बहुतेक वेळा बोलणाऱ्याची भीती शमवण्यासाठी असतात. ऐकणारा गप्प होतो आणि आपल्याला वाटतं, त्याला बरं वाटलं.

कोल्हापूर भागातले एक वयस्कर गृहस्थ मुलीकडे आले असताना आजारी पडले. मी गेले तेव्हा म्हणाले, ‘आता बोलावणं आलंय.’ मुलगी लगेच, ‘अण्णा, असं नाही बोलायचं.’ मी फक्त विचारलं, ‘बोलावणं आलंय असं वाटल्यावर मनात काय येतं, अण्णा?’ मला वाटलं होतं देवाधर्माचं काही निघेल. ते म्हणाले, ‘माझ्यामागं हिच्या आईचं कुंकू पुसायचं नाही. बांगड्या फोडायच्या नाहीत. हेरवाडनं ठराव केलाय, आपल्या घरानं का करू नये?’ शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. अण्णांना ते तोंडपाठ होतं. त्यांना हे सगळ्या मुलांच्या देखत, बायको समोर असताना सांगायचं होतं आणि पंधरा दिवस कोणी त्यांना वाक्य पुरं करू देत नव्हतं. संध्याकाळी गावी व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी ते सांगितलं, थोरल्या मुलाकडून ‘होय’ म्हणवून घेतलं आणि मग चहा मागितला.

यात मी धार्मिक असं काय केलं? काहीच नाही. पण पॅलिएटिव्ह केअरमध्ये ज्याला आध्यात्मिक वेदना म्हणतात ती हीच. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या डेम सिसिली सॉन्डर्स यांनी ‘समग्र वेदना’ अशी मांडणी केली: दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरच्या नि पैशाच्या काळजीचं असतं आणि ‘माझ्या जगण्याला अर्थ काय होता’ याचंही असतं. मॉर्फिन पहिल्याला पुरतं. बाकीच्यांसाठी माणसं लागतात.

तुम्ही धर्मांतर करायला लावता का?

नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या प्रमुख चॅप्लेन संघटनांनी २००४ मध्ये एकच आचारसंहिता मान्य केली, तिच्यात आपला धर्म रुग्णावर लादायला स्पष्ट मनाई आहे. तसा अनुभव आला तर हॉस्पिटलकडे तक्रार करा. माझ्या दृष्टीने आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही.

रुग्ण नास्तिक असेल तर तुमचं तिथे काय काम?

नास्तिकालाही मरायचं असतंच की. त्यालाही कोणाची माफी मागायची असते, कोणावर राग असतो, उरलेल्या पुस्तकांचं काय करायचं ते ठरवायचं असतं. उलट त्याच्याकडे तयार विधी नसतात, त्यामुळे निरोप कसा घ्यायचा याचा विचार मुद्दाम करावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली बकिंगहॅमशायरच्या एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्टने चॅप्लेन विभागाच्या प्रमुखपदी मानवतावादी, म्हणजे कोणताच धर्म न मानणारी, व्यक्ती नेमली. काम व्यवस्थित चाललं.

इथल्या हॉस्पिटलात आपले शेवटचे विधी करू देतात का?

बहुतेक सगळे करू देतात, पण आधी सांगावं लागतं. ऐनवेळी नर्सशी वाद घालण्यात शेवटचा तास गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

गंगाजल: चालतं. पण गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात पळीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. नर्सकडे काडीला लावलेला छोटा स्पंजचा तुकडा मिळतो, तोंड ओलं करायचा. तो गंगाजलात बुडवून ओठांवरून, जिभेवरून फिरवायचा. तुळशीचं पान जिभेवर न ठेवता ओठांवर टेकवायचं. कुंडीतली तुळस अतिदक्षता विभागात मातीसकट आणू देत नाहीत, नुसती पानं स्वच्छ धुऊन आणा.

दिवा: ज्योत अजिबात नाही. खोलीत ऑक्सिजन असतो, आग क्षणात भडकते. उदबत्ती, धूपही नाही. आमच्या कपाटात बॅटरीवर चालणारी निरांजनं ठेवलेली आहेत. एका आजींनी ती बघून नाक मुरडलं होतं, पण शेवटी त्यांनीच बटण दाबलं.

जमिनीवर घेणं: बहुतेक ठिकाणी शक्य होत नाही, पण खाट अगदी खालपर्यंत आणता येते. काही कुटुंबं तेवढ्यावर समाधान मानतात, काही खाटेखाली चिमूटभर गावची माती पुडीत बांधून ठेवतात. हॉस्पिटलला त्याची हरकत नसते.

मंगळसूत्र, जानवं, गंडा: एमआरआय किंवा शस्त्रक्रियेआधी सहसा काढावं लागतं. इतर वेळी ‘काढू नका’ असं नर्सला सांगून फाइलमध्ये लिहून घ्या. मृत्यूनंतर शरीराला कोणी हात लावायचा, आंघोळ कोणी घालायची, हेही आधीच सांगावं.

अंत्यसंस्कार: भारतासारखं त्याच दिवशी होत नाही. कागदपत्रं लागतात आणि बऱ्याच राज्यांत दहनाआधी २४ ते ४८ तास थांबावं लागतं. भारतातून निघालेल्या भावाला त्यामुळे पोचता येतं, हा एक फायदा.

आणि एक विनंती. ‘मराठी’ म्हटलं की स्टाफने गंगाजलच गृहीत धरू नये म्हणून मला दर वेळी सांगावं लागतं, पण आपणही ते गृहीत धरू नये. मराठी बौद्ध घरात त्रिसरण-पंचशील म्हटलं जातं आणि खोलीत बाबासाहेबांचा फोटो असतो. तिथे कोणी हळदकुंकू पुढे केलं तर तो अपमान ठरतो. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक कुटुंबाला फादर हवे असतात. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार फक्त अखेरच्या घटकेसाठी आहे हा समज आता जुना झाला. १९७२ पासून चर्चने तो गंभीर आजारातल्या कोणासाठीही सांगितला आहे, म्हणून फादरना शुद्ध हरपायच्या आत बोलवा. कोकणी मुसलमान कुटुंबाला खाटेचं तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करून हवं असतं आणि कानाशी कलिमा म्हणायचा असतो. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आजोबांना ‘शेमा’ ही प्रार्थना ऐकायची असते. जैन आजींनी अन्न सोडलं तर ती आत्महत्या मानून मानसोपचारतज्ज्ञ बोलवायची घाई होऊ नये, म्हणून संथारा, म्हणजे अखेरीस व्रत म्हणून अन्न सोडणं, काय असतं ते मी डॉक्टरांना समजावते. (२०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला बेकायदा ठरवलं होतं, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.)

‘आईला कॅन्सर आहे हे तिला सांगू नका.’ यात तुम्ही आमची बाजू घ्याल का?

आपल्या लोकांकडून येणारी ही पहिली मागणी. मी तिला हसत नाही, कारण तिच्यामागे क्रूरता नसते. मुलाला वाटतं, सांगितलं तर ती हाय खाईल.

इथला कायदा सरळ आहे: माहितीवर हक्क रुग्णाचा. पण माहिती नको म्हणण्याचा हक्कही त्याचाच आहे, आणि आपली सुटका या दुसऱ्या वाक्यात आहे. डॉक्टर आईलाच विचारू शकतात: ‘तपासण्यांचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ बऱ्याच आया म्हणतात, ‘त्यालाच सांगा, मला काय कळतंय.’ झालं, प्रश्न मिटला आणि कोणाशी खोटंही बोलावं लागलं नाही. काही मात्र म्हणतात, ‘मला सांगा. माझ्या नावावर घर आहे.’

तिला ठाऊक नसतं हे मात्र क्वचितच खरं असतं. केमोच्या वॉर्डात बसलेल्या बाईला आपण कुठे बसलोय ते समजतं. मुलगा दाराबाहेर मला म्हणतो, ‘तिला कळू देऊ नका’. आत आई म्हणते, ‘त्याला सांगू नका मला कळलंय, पोर खचेल.’ दोघं एकमेकांना जपत असतात आणि दोघांचेही उरलेले दिवस त्या नाटकात जातात. मी कोणाचं गुपित फोडत नाही. आईला विचारते, ‘हे तुम्हीच त्याला सांगितलंत तर? मी शेजारी बसते.’ कधी जमतं. कधी शेवटपर्यंत जमत नाही, आणि ते मान्य करावं लागतं.

आणखी एक. मी मराठी आहे म्हणून डॉक्टरांचं बोलणं मला भाषांतर करायला लावू नका. त्यासाठी हॉस्पिटलने प्रशिक्षित दुभाषा मोफत द्यायचा असतो, फोनवरून का होईना. मुलाला दुभाषा केलं की तो वाक्यं गाळतो; प्रेमापोटीच गाळतो.

‘देव चमत्कार करेल’ असं म्हणणाऱ्या कुटुंबाला काय सांगता?

‘नाही होणार’ असं कधीच नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या कॅन्सर केंद्रातल्या एका चॅप्लेनने सहकाऱ्यांबरोबर २०१४ मध्ये यासाठी चार पायऱ्या मांडल्या. आधी त्यांच्या आशेला मान द्यायचा. मग ते जिथे उभे आहेत तिथे आपण जायचं. मग वैद्यकीय स्थिती स्वच्छ सांगायची. आणि शेवटी, काहीही झालं तरी आम्ही सोडून जाणार नाही, हे सांगायचं. व्यवहारात चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची असते. ‘आशा सोडा’ आणि ‘आम्ही तुम्हाला सोडतोय’ ही दोन वाक्यं घाबरलेल्या माणसाला एकच वाटतात.

अमेरिकेत बाल्बोनी यांच्या गटाने शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांवर केलेले दोन अभ्यास इथे आठवतात. २०१० च्या अभ्यासात, ज्यांची आध्यात्मिक काळजी उपचार करणाऱ्या चमूने घेतली ते हॉस्पिसमध्ये जास्त प्रमाणात गेले. २०१३ च्या अभ्यासात, ज्यांना स्वतःच्या धार्मिक समाजाचा भरपूर आधार होता ते उलट शेवटच्या आठवड्यात आयसीयूतल्या आक्रमक उपचारांकडे जास्त वळलेले दिसले. भजनी मंडळ, प्रार्थनामंडळ यांनी येऊ नये असा याचा अर्थ नाही. पण ‘लढा, हार मानू नका’ एवढंच म्हणणारी माणसं भोवती असली आणि आजार कुठवर आलाय हे जाणणारं त्यांच्यात कोणी नसलं, की काय होतं ते यातून दिसतं.

शेवटच्या दिवसांत माणूस खात नाही, घरघर लागते. तेव्हा तुम्ही काय करता?

औषधांचं नर्स बघते. मी नातेवाइकांचं बघते. ‘दोन घास तरी’ म्हणून भरवायचा हट्ट सुटत नाही, कारण आपल्याकडे प्रेम करायची रीतच ती. शरीर बंद होत असताना भूक जाते, उपाशी ठेवल्यामुळे माणूस जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तरी हात रिकामे राहतात. त्या हातांना काम लागतं: पायांना तेल लावा, ओठांना लोणी लावा, केस विंचरा.

घरघर ऐकवत नाही हे खरं, पण ती घशातल्या स्रावाची असते आणि रुग्णाला तिची जाणीव सहसा नसते. ऐकू येतं का? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॉस्पिसमधल्या रुग्णांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींचे आलेख, काढले होते. प्रतिसाद देणं थांबलेल्या काहींच्या मेंदूत आवाजाची नोंद होताना दिसली. अर्थ कळत होता का, ते त्यावरून सांगता येत नाही. मी नातेवाइकांना सांगते, बोला. आणि खोलीत वाटण्यांवरून भांडू नका.

कुब्लर-रॉस यांचे पाच टप्पे खरे आहेत का?

मरण समोर दिसल्यावर नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार या क्रमाने प्रत्येक जण जातो, ही समजूत चुकीची. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मरणाऱ्या माणसांशी थेट बोलायला सुरुवात केली हे त्यांचं मोठं काम, आणि त्याची सुरुवात १९६५ मध्ये शिकागोत धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी मदत मागायला आले तिथून झाली. पण माणसं सकाळी स्वीकारतात, दुपारी चिडतात, रात्री पुढच्या दिवाळीची तिकिटं काढायला सांगतात. टप्प्यांची यादी हातात घेऊन कोणाच्या खोलीत जाऊ नये.

चॅप्लेन व्हायला काय शिकावं लागतं?

अमेरिकेतला मार्ग लांब आहे. आधी पदवी, मग धर्मशास्त्र किंवा तत्सम विषयातली पदव्युत्तर पदवी. पूर्ण प्रमाणपत्रासाठी ७२ क्रेडिट्स हा रूढ निकष. त्यानंतर क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीईची चार युनिट्स. एक युनिट किमान ४०० तासांचं, त्यातले निदान १०० तास गटात आणि मार्गदर्शकाबरोबर, बाकी वॉर्डात. शिवाय कामाचा अनुभव, आपल्या धर्मसमाजाचं मान्यतापत्र आणि शेवटी समितीपुढे मुलाखत.

सीपीईची कल्पना अँटन बॉइसन या प्रेस्बिटेरियन पाळकाची. १९२० मध्ये ते स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर त्यांनी १९२५ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये धर्मशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणलं. ग्रंथ वाचता तशी जिवंत माणसं वाचा, असा त्यांचा आग्रह होता.

यातला सगळ्यात त्रासदायक आणि सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे ‘व्हर्बेटिम’. रुग्णाशी झालेला संवाद आठवून शब्दन्‌शब्द लिहायचा: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मधे किती वेळ शांतता होती. मग गटासमोर तो वाचायचा. आणि कोणीतरी शांतपणे विचारतं, ‘इथे तो मुलाबद्दल बोलत होता. तू औषधांचा विषय का काढलास?’ ज्यांना अभ्यासात पहिल्या नंबराची सवय असते त्यांना हे फार झोंबतं. प्रवचनं उत्तम करणाऱ्यांनाही. मला विचाराल तर कीर्तनकारापेक्षा चांगला श्रोता या कामाला लवकर तयार होतो.

हिंदू किंवा बौद्ध माणसाला हे शक्य आहे का?

आहे, पण मान्यतापत्र कोणाकडून आणायचं हा पेच पडतो. चर्चमध्ये दीक्षा आणि बिशप असतात, आपल्याकडे तशी एकच यंत्रणा नाही. मंदिर, संस्था, गुरुपरंपरा यांच्याकडून पत्र मिळवावं लागतं. लष्करात वाट झाली ती २०११ मध्ये: भारतात जन्मलेल्या कॅप्टन प्रतिमा धर्म अमेरिकी सैन्याच्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या आणि त्यांच्यामागे चिन्मय मिशन वेस्ट उभं राहिलं. अर्ज करण्यापूर्वी सीपीईचं एक युनिट करून बघा. त्या काही महिन्यांत कळतं, आपल्याला हे झेपतंय की नाही.

भारतात अशी नोकरी मिळते का?

ख्रिस्ती रुग्णालयांत, हो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेन विभाग आहे, सीपीईही तिथे होतं. आणि ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडियामध्ये डॉक्टर-नर्सेसच्या बरोबरीने चॅप्लेनचा स्वतंत्र विभाग आहे. त्यापलीकडे हे पद जवळजवळ नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ चं. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालतं. अशा ठिकाणी समुपदेशक किंवा मेडिकल सोशल वर्कर हे काम करतात. महाराष्ट्रात राहून यात शिरायचं असेल तर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्र करून पॅलिएटिव्ह केअरकडे वळणं हाच व्यवहार्य मार्ग.

आणि सरकारी दवाखान्यात? तिथे हे काम वॉर्डातल्या मावशी करतात. रात्री दोनला पेशंटच्या बायकोला चहा देऊन ‘बस इथं माझ्यापाशी’ म्हणतात. त्यांच्या पगारात ते धरलेलं नसतं.

पगार?

पोट भरतं. शिक्षणाच्या मानाने कमीच, नर्सपेक्षाही सहसा कमी. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या बहुतेक जागा बँड, म्हणजे पगारश्रेणी, ५ ते ७ मध्ये असतात. हॉस्पिसमध्ये नोकऱ्यांची शक्यता जास्त, कारण अमेरिकेत मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नियमाप्रमाणे हॉस्पिसच्या चमूत डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर यांच्याबरोबर पाळक किंवा अन्य समुपदेशक असावाच लागतो.

रोज मरण बघून तुम्हाला त्रास होत नाही?

होतो. लहान मुलांच्या वॉर्डातून आल्यावर मी सरळ घरी जात नाही, आधी बाजारहाट करते. भाजी निवडण्यात डोकं गुंतलं की बरं वाटतं. आठवड्याला सहकाऱ्यांशी बोलायचं सत्र असतं आणि ते चुकवायचं नाही हा माझा नियम. ‘मला आता काही वाटत नाही’ असं म्हणणारा चॅप्लेन भेटला तर त्याने सुट्टी घ्यायला हवी असं मी समजते.

इच्छामरणाबद्दल तुम्ही सल्ला देता का?

सल्ला नाही. ओरेगनसारख्या काही राज्यांत त्याला परवानगी देणारा कायदा आहे (ओरेगनमध्ये १९९७ पासून), तिथले चॅप्लेन विचारणाऱ्याचं ऐकून घेतात. भारतात तसं नाही. पण निरर्थक उपचार नकोत असं आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली: आता न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. भारतातल्या आईवडिलांशी हे बोलायला त्यांच्या आजारपणाची वाट बघू नका.

माणूस गेल्यावर तुमचं काम संपतं?

हॉस्पिटलात बहुधा हो. हॉस्पिस असेल तर कुटुंबाला वर्षभरापर्यंत आधार द्यायची त्यांच्यावर जबाबदारी असते. फोन येईल तेव्हा ‘कंपनीचा फोन’ म्हणून ठेवून देऊ नका.

आमचं माणूस इथे दाखल आहे. चॅप्लेनला कसं बोलवायचं?

नर्सला सांगा, किंवा हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करून ऑपरेटरकडे ‘ऑन-कॉल चॅप्लेन’ मागा. मोठ्या हॉस्पिटलांत रात्री-अपरात्रीही कोणीतरी असतं. पैसे पडत नाहीत, बिलात काही येत नाही. दाखल करताना धर्माचा रकाना रिकामा सोडलेला असतो किंवा घाईत भलतंच काही टाकलेलं असतं. तो दुरुस्त करून घ्या, कारण आमची यादी त्यावरून निघते. भारतातल्या नातेवाइकांना व्हिडिओवर घ्यायचं असेल तर तेही सांगा, म्हणजे नर्स आंघोळ-ड्रेसिंगच्या वेळा त्याप्रमाणे जुळवेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे साडेनऊ झाले की उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात. आणि आलेला चॅप्लेन पटला नाही, तर दुसरा मागा, किंवा ‘नको’ म्हणा. आम्हाला ‘नको’ ऐकायची सवय असते. दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकतो.